गाडी बंद पाडली कुणी?

आमच्या न्हावऱ्याचे सोपान मिस्त्री बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट आधी उघडत नाहीत. आधी ते मालकाला उघडतात.

फाट्यावर चिंचेखाली त्यांचं गॅरेज आहे. तिथं एक जुना टायर आडवा टाकलेला असतो. गाडी ढकलत आणा नाही तर ट्रॅक्टरला बांधून आणा, मालकानं पहिल्यांदा त्या टायरवर बसायचं. मिस्त्री समोर पालथ्या डब्यावर बसणार, स्वच्छ असलेले हात पुन्हा फडक्यानं पुसणार आणि विचारणार, "हं. कुनी बंद पाडली?"

"पाडली नाही हो, पडली," असं कुणी म्हणालं की तो मेला.

"गाडी आपली आपन कवाच बंद पडत न्हाई. तिला काय कट्टाळा येतो? कुनीतरी पाडतं. आता तुम्ही सांगताय का मी हुडकू?"

मी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. खोडी कुणी काढली हे विचारायची रीत मलाही ठाऊक आहे. पण मी निदान पोरांना पाणी तरी पिऊ देत असे. हे गृहस्थ कबुली मिळेपर्यंत चहासुद्धा सांगत नाहीत.

एकदा कवठे येमाईला निघालेला एक नवरदेव मुंडावळ्यांसकट त्या टायरवर बसलेला मी पाहिला आहे. मागे करवल्या रडकुंडीला आलेल्या, मामा दर मिनिटाला घड्याळ बघतोय. मिस्त्री शांत. काल गाडी कुठं उभी होती, आत कोण बसलं होतं, बसून काय करत होतं. नवरदेवानं बराच वेळ "काही नाही, काही नाही" केलं. शेवटी कबूल झाला की हळदीच्या दिवशी सकाळपासून चुलतभावांनी गाडीतच गाणी लावली होती आणि इंजिन काही कुणी सुरू केलं नव्हतं. बॅटरी पार रिकामी. मिस्त्री उठले, दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून दोन मिनिटांत गाडी चालू करून दिली आणि वर नवरदेवाला म्हणाले, "पाव्हनं, हितून पुढं जरा लवकर कबूल व्हायला शिका. घरात एवढा टाइम न्हाई मिळत."

दुसऱ्या एका कांदेवाल्याचा पिकअप चालू होत नव्हता. मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली, नाक वर करून वास घेतला आणि विचारलं, "औंदा शेंगा कुठं ठिवल्यात?" कांदेवाला भडकला. मी गाडीचं विचारतोय आणि हे शेंगांचं विचारतायत. पण शेंगांची पोती पिकअपला लागूनच होती. शेंगांना उंदीर आले, त्यांना इंजिनाची ऊब आवडली आणि जेवण झाल्यावर त्यांनी वायरी कुरतडल्या. मिस्त्रींनी उंदरांना मुळीच दोष दिला नाही. "उंदरानं काय, उंदराचंच काम केलं. त्याला शेजार कुनी दिला?"

हल्ली गाड्यांना मशीन लावून दोष शोधतात, याचा त्यांना जेवढा संताप येतो तेवढा मी दुसऱ्या कशाचा आलेला पाहिलेला नाही. "मशीन रोग सांगतंय, बाई. पन कुनी केला ते सांगतंय का? मंग पुन्यांदा तेच करनार की हे!" त्यांचं म्हणणं चूक नाही. पण मशीन कुणाला टायरवर बसवत नाही, त्यामुळे लोकांना मशीन आवडतं. गेल्या चार-पाच वर्षांत मी फाट्यावरून जाताना तो टायर बहुतेक वेळा रिकामाच दिसतो. हल्ली त्यात पाणी साचू नये म्हणून मिस्त्रींनी भोकं पाडून ठेवली आहेत.

हे सगळं मी कौतुकानं सांगते आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी तो समज काढून टाकावा. या माणसावर माझा पस्तीस वर्षांचा राग आहे आणि तो मी नीट जपलेला आहे. प्रकरण मीच सांगते, नाही तर फाट्यावरचा कुणीही सांगेल, आणि तो वाढवून सांगेल.

मी मूळची दौंडची. माझे वडील रेल्वेच्या लोको शेडमध्ये कामाला होते. त्यामुळे लग्न होऊन न्हावऱ्याला आले तेव्हा इंजिन या विषयात मी स्वतःला सर्वज्ञ समजत असे. शेजारणींना मी बॉयलर आणि वाफ यांवर व्याख्यानं दिली आहेत. त्या बिचाऱ्या मेथी निवडत ऐकून घेत. आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, जनावरांचे डॉक्टर होते. वस्त्यावस्त्यांवर गायी-मेंढ्यांना बघायला जावं लागे, म्हणून त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. गाडी आली आणि पाठोपाठ पहिला दसरा आला.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं प्रत्येक हत्यार, औजार धुऊन पूजेला मांडतात. विळे, खुरपी, डॉक्टरांच्या कात्र्या, सगळं चकचकीत केलं. गाडी बाहेरून धुतली. आणि मग त्या अठ्ठावीस वर्षांच्या विदुषीला आठवलं की दौंडला दसऱ्याला वाफेची इंजिनं पाइपानं न्हाऊ घालत. खरं इंजिन तर आतच राहिलं! मी पदर खोचला, बॉनेट उघडलं आणि दोन बादल्या पाणी ओतलं. भांडी घासायचा ब्रश घेऊन हात जाईल तिथं घासलं. जाड वायरी जिथून निघतात तिथलं एक काळं टोपण उघडून आतूनही ओल्या फडक्यानं पुसलं. मग त्या टोपणाला आतून-बाहेरून हळदीकुंकू, वर झेंडूची माळ. बॉनेट लावून मी इतक्या समाधानानं घरात गेले, जसं काही आता मला दौंडच्या शेडमधून बढतीचं पत्रच येणार होतं.

दसऱ्याच्या सकाळी एका वस्तीवर गाय अडली म्हणून निरोप आला. डॉक्टरांनी चावी फिरवली. गाडीनं नुसता घसा खरवडला. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. डॉक्टर सायकलवर टांग टाकून गेले आणि जाता जाता फाट्यावरून नव्यानं आलेल्या एका मेकॅनिकला पाठवून दिलं. ते हे. तेव्हा केस काळे होते, बाकी स्वभाव हाच. माझे सासरे, सासूबाई, गडी, एकेकाला ओट्यावर बसवून चौकशी झाली. माझी पाळी आली तेव्हा मी वर्गातल्या आवाजात सांगितलं की मी गाडीला हातही लावलेला नाही आणि दोष बहुधा पेट्रोलमध्येच असावा, कारण आमचे वडील रेल्वेत आहेत.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. ते बॉनेटपाशी गेले, ते काळं टोपण काढलं, त्यातलं पाणी हातावर घेतलं. मग आतून बोट फिरवलं. बोट लाल झालं. ते बोट सगळ्यांना दिसेल असं वर धरून त्यांनी विचारलं, "मंग हितं सवाशीन कोन यिऊन गेली?"

गाय वाचली, वासरूही वाचलं. माझी अब्रू तेवढी गेली. सासूबाई पुढे कितीतरी दिवस मला 'रेल्वेवाली' म्हणत. आणि मिस्त्री? त्यानंतर तीसेक वर्षं एकही दसरा असा गेला नाही की त्यांनी दारात येऊन विचारलं नाही, "बाई, औंदा घालायची का इंजनाला आंघूळ?"

डॉक्टरांची आणि त्यांची गट्टी जमली ती त्याच दिवशी. मिस्त्री म्हणत, "डाक्टर, आपलं दोघांचं गिऱ्हाईक मुकं. बोलतो तो मालक, आन् खोटं बोलतो तोबी मालकच." दर गुरुवारी दुपारी वीज नसते, त्यामुळे गॅरेज बंद. मिस्त्री आमच्याकडे येत. घरात चार खुर्च्या असताना हे दोघे बाहेर शेडमध्ये, गाडीत जाऊन बसत. शेड म्हणजे वर पत्रा आणि पुढून सताड उघडी. गाडी चालू करायची, आवाज ऐकतोय असं दाखवायचं आणि गप्पा मारायच्या. कुठल्या गाईला कुणी काय चारलं, कुठली गाडी कुणी कशी बिघडवली. मी खिडकीतून दोन कप चहा आत द्यायचा. माणसं घरातल्या बाईला कप धरायला बोलावतात आणि बसायला बोलावत नाहीत, याचा मला तेव्हाही राग यायचा.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर गेले. तेराव्यापर्यंत मिस्त्री रोज आले, कोपऱ्यात बसून गेले. त्यानंतर ते आमच्या घराकडे फिरकले नाहीत. दसऱ्यालाही नाही. तीस-बत्तीस वर्षं ज्याच्या गाडीत बसून चहा प्यायलात, त्याच्या माघारी त्याची बायको जिवंत आहे का, हे बघायला तुम्हाला एकदा येता येत नाही? देवळात मी हे दहा जणींना बोलून दाखवलं. गुरुवारच्या दुपारी घर खायला उठायचं म्हणून मी दत्ताच्या देवळात भजनाला जायला लागले होते. मला गाता येत नाही. मी टाळ वाजवते, आणि तो सगळ्यांच्या एक मात्रा नंतर वाजतो.

गाडी तशीच शेडमध्ये राहिली. चावी डॉक्टर ठेवायचे तिथंच, शेडमधल्या फळीवर, जनावरांच्या कॅल्शियमच्या बाटलीमागच्या खिळ्याला. कधी कधी सकाळी मी चहा घेऊन गाडीत, माझ्या बाजूच्या सीटवर बसते. यात हसण्यासारखं काही नाही. घरात डास असतात. मुलगा श्रीकांत रांजणगावला कंपनीत आहे, तो आला की एकदा गाडी चालू करून बघे आणि ती एका चावीत चालू होई. त्याला नवल वाटे. मला वाटत नसे. मी रोज तिच्यावरची धूळ पुसत होते, आणि शेवटी मी लोको शेडवाल्याची मुलगी.

मग एका सकाळी माझ्या लक्षात आलं की डॉक्टरांची सीट पुढे सरकलेली आहे.

डॉक्टर सहा फूट उंच. त्यांची सीट कायम मागे, शेवटच्या खाचेत. ती सरकवणं सोपं नाही, खालचा दांडा गंजलेला आहे. मी दोन्ही हातांनी ओढून, लाथा घालून ती मागे नेली. पंधरा दिवसांनी पुन्हा पुढे. चावी फिरवून काटा पाहिला तर पेट्रोल अर्ध्यावरून पावावर आलेलं. कुणीतरी माझ्या गाडीत शिरत होतं, पेट्रोल काढत होतं, आणि वर डॉक्टरांच्या जागेवर ऐसपैस बसत होतं. पेट्रोलचं मला एवढं वाटलं नाही. सीटचं वाटलं. मी इतकी संतापले की समोरच्या, पेट्रोलवर गवत कापायचं मशीन चालवणाऱ्या माणसाशी, काहीही पुरावा नसताना, महिनाभर बोलले नाही.

शेवटी मी फाट्यावर गेले. मिस्त्रींवर राग होता, पण गाड्यांमधला चोर त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला सापडणार? मी सगळं सांगितलं. सीट, काटा, सगळं. मला वाटलं, आता हे मला टायरवर बसवून दोन तास विचारतील. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"शेडला दार करून घ्या, बाई," म्हणाले. "कुलूप लावा. चांगलं मोठं लावा."

एक प्रश्न नाही. शेंगांच्या उंदरांची चौकशी करणारा माणूस, आणि माझ्या चोराबद्दल एक प्रश्न नाही. मी तणतणत शिरूरला गेले, सगळ्यात मोठं कुलूप आणलं आणि शेडला जाळीचं दार करून घेतलं. सीट मागे नेली, आणि ती मागेच राहिली. चोरी थांबली. मी जिंकले.

दिवाळीला श्रीकांत आला. चावी फिरवली. 'टक्' असा आवाज झाला आणि गाडी गप्प. पुन्हा फिरवली, तेवढाही आवाज नाही.

श्रीकांत वाईट मुलगा नाही. तो म्हणाला, "आई, चालू होत होती तोवर मी काही बोललो का? पण आता ती नुसती गंजत उभी राहणार. रविवारी शिरूरहून भंगारवाल्याचा टेम्पो बोलावतो. त्याआधी चालू झाली तर राहू दे, तुझी मर्जी."

आता एक खरं सांगते. मला ती गाडी चालवायची नव्हती. पण ती पाटाच्या वळणावर आली की तिचा आवाज ओळखू यायचा, आणि मी चहाचं आधण ठेवायची. चहा उकळेपर्यंत डॉक्टर हात धुऊन आत आलेले असत. भंगारात गेलेल्या गाडीचा आवाज कुठून आणायचा?

शुक्रवारी सकाळी मी फाट्यावर गेले आणि कुणी न सांगता स्वतःहून त्या टायरवर बसले. घरून उत्तरं पाठ करून आले होते. शेवटची कधी चालली, कोण बसलं होतं, पाणी ओतलं का, कुंकू लावलं का. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, पालथ्या डब्याकडे पाहिलं, आणि डब्यावर न बसताच म्हणाले, "चला."

"विचारणार नाही काही?"

"चला की, बाई. बघू."

या वयात माणूस आपण होऊन आरोपीच्या जागी बसतो आणि त्याला साधी चौकशी मिळत नाही, याला काय म्हणावं?

शेडपाशी आल्यावर मी कुलूप काढलं. मिस्त्रींनी माझ्या हातातल्या कुलपाकडे एकदा पाहिलं. मग कामाला लागले. मरून पडलेली बॅटरी काढून सोबत आणलेली भरलेली बॅटरी बसवली. प्लग काढून घासले, कार्बोरेटर उघडून आतला चिकट झालेला पेट्रोलचा थर धुतला, टाकीत ताजं पेट्रोल घातलं. मी बाजूला उभी राहून दौंडच्या अनुभवावर आधारलेल्या सूचना केल्या. त्या त्यांनी ऐकल्या नाहीत.

सगळं झाल्यावर ते गाडीत बसायला गेले. मिस्त्री जेमतेम पाच फूट. डॉक्टरांच्या सीटवरून त्यांचे पाय पोचणारच नाहीत. मी म्हणणार होते की थांबा, तो दांडा गंजलाय, दोन हात लागतात. तेवढ्यात त्यांनी खाली न बघता डावा हात सीटखाली घातला, दांडा वर उचलून जरासा बाहेर ओढला, टाचेनं एक हलकी ठोकर दिली, आणि सीट सरसर पुढे आली. बरोबर त्या खाचेत, जिथं ती मला सापडायची.

मी गवतवाल्याशी महिनाभर बोलले नव्हते.

गाडी दोनदा खाकरली आणि तिसऱ्यांदा चालू झाली. पत्रा थरथरायला लागला. तोच आवाज. मिस्त्री स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले होते, माझ्याकडे अजिबात नाही. दर गुरुवारी दहा मिनिटं गाडी चालू ठेवली तर बॅटरी मरत नाही, पेट्रोल साकळत नाही, हे कळायला लोको शेडवाल्याची मुलगी असावं लागत नाही. मी देवळात बसून ज्याच्या नावानं बोटं मोडत होते, तो माणूस त्याच वेळी इथं माझी गाडी जिवंत ठेवत होता. आणि गाडी बंद कुणी पाडली, त्याचं उत्तर माझ्याच हातात होतं. चांगलं मोठं होतं. शिरूरहून आणलेलं.

मी खिडकीशी गेले. "मिस्त्री, विचारा की. कुणी बंद पाडली?"

त्यांनी फडक्यानं स्टिअरिंग पुसलं.

"पडती, बाई, कवा कवा," ते म्हणाले. "आपली आपन."

मला इतका राग आला! अठ्ठावीस वर्षांच्या पोरीला चार लोकांत लाल बोट दाखवता, आणि आता म्हातारीला सोडून देता? मी तिथून थेट स्वयंपाकघरात गेले आणि चहा ठेवला. कप घेऊन येईपर्यंत मिस्त्री बाहेर हौदावर हात धूत होते. सीट मागे नेऊन ठेवलेली होती, शेवटच्या खाचेत.

रविवारी टेम्पो आला आणि रिकामा गेला. श्रीकांतनं मला विचारलं, नेमकं काय बिघडलं होतं? मी म्हणाले, आतलं सांगून तुला कळणार नाही.

गुरुवारी भजन नव्हतं. पेटीवाल्या वहिनी वढू बुद्रुकला गेल्या होत्या. तरी मी ठरल्या वेळी टाळ घेऊन निघाले. जाताना जाळीचं दार उघडं टाकलं आणि चावी कॅल्शियमच्या बाटलीमागं खिळ्याला लावली. कुलूप मी ज्वारीच्या कणगीत टाकलं आहे. देवळात एकटीच पायरीवर बसले. पण चष्मा घरी राहिला असं मी माझं मलाच सांगितलं, आणि पंधरा मिनिटांत परत निघाले.

कोपऱ्यावरच आवाज आला. गाडी चालू होती. आणि त्या आवाजाच्या वरून मिस्त्री बोलत होते, मोठ्यानं, तावातावानं.

"...आन् त्यो पोरगा मशीन लावून मला म्हनतो, काका, सेन्सर गेला. मी म्हनलं, गेला का घालवला? काय, डाक्टर? सांगा तुम्ही."

मी कोपऱ्यावरूनच मागे वळले. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता. देवळात जाऊन वीज येण्याच्या वेळेपर्यंत बसले, आणि टाळ वाजवला. एकटीच असल्यामुळे एकदाही चुकला नाही.

घरी आले तर शेडमध्ये शांत होतं आणि बॉनेट हाताला गरम लागत होतं. सीट पुढे होती. या वेळी मागे न्यायला विसरले असतील, किंवा नसतीलही विसरले. मी दार उघडून पहिल्यांदाच त्या सीटवर बसले. माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले.

दुखतात थोडे. पण मी ती मागे नेलेली नाही.